पॅनेल भिंतीवर आला, नववीचं गणित तिथंच: अनुदानित हायस्कुलं आणि वर्गातलं तंत्रज्ञान

माळरान (धागालेखक)

मंडळी, मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये नववी-दहावीला गणित आणि विज्ञान शिकवतो. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे प्रोजेक्टर आला, संगणक कक्ष झाला, एका माजी विद्यार्थ्याने मोठा इंटरॅक्टिव्ह पॅनेल बसवून दिला. आसपासच्या शाळांतही थोड्याफार फरकाने हेच चित्र आहे. पण नववीत येणाऱ्या मुलांचं गणित त्यामुळे सुधारलेलं नाही. का सुधारत नाही आणि काय केलं तर सुधारेल, यावर इथल्या शिक्षक, पालक आणि तांत्रिक क्षेत्रातल्या लोकांशी बोलायचं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण शहरातल्या मित्रांशी बोलताना इथेच गल्लत होते. सरकारी शाळा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जिल्हा परिषदेची शाळा येते. ती बहुतेक ठिकाणी चौथी, सातवी किंवा आठवीपर्यंत. पुढचं हायस्कूल बहुधा एखाद्या संस्थेचं असतं: पगार शासनाचा, इमारत आणि कारभार संस्थेचा. 1919 साली कर्मवीरांनी सुरू केलेल्या रयतपासून ते एकच शाळा चालवणाऱ्या गावातल्या संस्थेपर्यंत, ग्रामीण महाराष्ट्र याच व्यवस्थेतून दहावी झाला. 2009 चा शिक्षण हक्क कायदा आठवीपर्यंत. नववीत पाऊल टाकलं की मूल त्या कायद्याच्या बाहेर. पगार येतो, पण वीज, खडू, दुरुस्ती, इंटरनेट यांसाठीचं वेतनेतर अनुदान तुटपुंजं आणि तेही उशिरा. पाष्टेपाड्यापासून परितेवाडीपर्यंत ज्या डिजिटल शाळांचं कौतुक झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं, त्या प्राथमिक शाळा. हायस्कूलकडे तसं कुणी बघितलंच नाही.

आता वर्गातलं. नववीच्या सुरुवातीला मी फळ्यावर एक प्रश्न लिहितो: 0.4 मोठा की 0.35? निम्म्याहून जास्त वर्ग 0.35 म्हणतो. ‘पस्तीस चारापेक्षा मोठे ना सर.’ ही मुलं मठ्ठ नाहीत. दूध डेअरीचा हिशोब घरी तीच बघतात. पण दशांश चिन्हाचा अर्थ पाचवी-सहावीत कुठेतरी निसटला, आणि मी वर्गात उभा आहे वास्तव संख्यांचा धडा घेऊन.

जिओजेब्रा हे गणिताचं सॉफ्टवेअर फुकट आहे, मराठीत आहे, आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही. मी प्रोजेक्टरवर संख्यारेषा उघडली आणि एका मुलीच्या हातात माउस दिला. तिने चाक फिरवलं तशी शून्य ते एक ही जागा भिंतभर पसरली, मधल्या खुणा दिसायला लागल्या. मी विचारलं, 0.35 दाखव. ती थांबली, मग 0.3 आणि 0.4 च्या मधोमध बोट टेकवलं आणि वर्गाकडे वळून म्हणाली, ‘आरं, हे तर चारच्या अलीकडंच हाय की!’ मागच्या बाकावरची पोरं उठून पुढे आली. 0.305 कुठे, 0.399 कुठे, असं त्यांचं त्यांनीच सुरू केलं. फळ्यावरची रेषा अशी ताणता येत नाही. तंत्रज्ञान म्हणजे मला हे अपेक्षित आहे.

त्या तासाला लागलं काय? जुना लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि आदल्या दिवशी तयारीला एक ऑफ तास. तो ऑफ तास ही शाळेतली सगळ्यात दुर्मिळ गोष्ट आहे. यू-डायस आणि सरल या शासकीय पोर्टलवर माहिती भरणं, आधारची जुळणी, मुलांचे अपार ओळख क्रमांक, शिष्यवृत्तीचे अर्ज, उपक्रमांचे फोटो, आणि व्हॉट्सॲपवर दुपारी आलेली लिंक जी संध्याकाळी पाचच्या आत भरायची. शाळेत सर्वात जास्त वापरलं जाणारं तंत्रज्ञान हे आहे, आणि ते शिकवण्याच्या वेळेतून जातं.

माझं म्हणणं असं. यंत्रासाठी पैसा मिळतो, कारण ते एकदाच घ्यायचं असतं आणि त्याचा कार्यक्रम करता येतो. माणूस, वीज, दुरुस्ती आणि शिक्षकाचा वेळ यांना दरवर्षी पैसा लागतो, त्याची तरतूद कुणीच करत नाही. आधी ही तरतूद हवी, यंत्र त्यानंतर. तुमचे अनुभव लिहा. विरोधी मत असेल तर जरूर लिहा.

कोयनाकाठ

माळरान सर, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे खुर्चीच्या बाजूने दोन गोष्टी जोडतो.

संगणक कक्ष चालू झाला की वीजबिल वाढतं. ते कुठल्या शीर्षाखाली टाकायचं हा प्रश्न दर महिन्याला माझ्यापुढे असायचा. शेवटी शिक्षकांनी आपापसात वर्गणी काढली. मीटर तोडायला माणूस आल्यावर त्याला चहा पाजून आठ दिवस मागून घेणारे मुख्याध्यापक मी जवळून पाहिले आहेत.

दुसरं म्हणजे किल्ली. लोक म्हणतात, मुख्याध्यापक जुन्या वळणाचे, कक्षाला कुलूप लावून बसतात. अहो, डेड स्टॉक रजिस्टरवर, म्हणजे सामानाच्या नोंदवहीवर, सही त्यांची असते. एक कीबोर्ड हरवला तरी लेखापरीक्षणात उत्तर त्यांनी द्यायचं. बिघडलेली वस्तू निर्लेखित करायची तर प्रस्ताव, समिती, मंजुरी, आणि तोवर ती बंद वस्तू कक्षातली जागा अडवून बसते. त्यात डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांतली शिपाई पदं संपत गेली आणि त्या जागी ठोक भत्ता आला. रात्री ती खोली राखणार कोण? मुलांनी संगणक बिनधास्त हाताळावेत असं वाटत असेल तर मोडतोड होणार हे शासनाने गृहीत धरलं पाहिजे आणि त्याची जबाबदारी एका माणसावर टाकणं थांबवलं पाहिजे.

कीबोर्ड

मी शाळांत संगणक कक्ष उभारणाऱ्या आयसीटी योजनेतला संगणक शिक्षक. होतो.

केंद्राची ही योजना 2004 ची. आपल्याकडे ती ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या पद्धतीने आली. म्हणजे कंपनीला पाच वर्षांचं कंत्राट: संगणक तिचे, बॅटऱ्या तिच्या, शिक्षकही तिचाच. मुदत संपली की सामान शाळेचं आणि शिक्षक घरी. माझ्या शाळेत आठवी ते दहावीचे सगळे वर्ग आठवड्यातून ठरलेले तास माझ्याकडे यायचे. मुलं मराठीत टंकलेखन शिकली, स्प्रेडशीटमध्ये शालेय पोषण आहाराच्या तांदळाचा हिशोब मांडायला लागली. विज्ञानाच्या बाई प्रकाशाच्या अपवर्तनाच्या धड्याला मला आधी सांगून ठेवायच्या, मी सिम्युलेशन उघडून ठेवायचो.

करार संपला त्या महिन्यात मी मुख्याध्यापकांना एका वहीत सगळं लिहून दिलं: पासवर्ड, वायरिंग कुठून कुठे जाते, बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर कधी घालायचं. शाळेत ते वाचून करणारं कुणी नव्हतं, कारण ते कुणाचं कामच नव्हतं. पावसाळ्यानंतर बॅटऱ्या गेल्या. मग वीज गेली की संगणक तिथेच बंद पडायचे, हार्ड डिस्क जायला लागल्या. पाच वर्षं चाललेला कक्ष मोडायला वर्षसुद्धा लागलं नाही. आमच्यासारखे हजारो शिक्षक आझाद मैदानावर बसून आले. आम्ही मागत होतो ते फक्त नोकरी म्हणून नव्हतं. आमच्याशिवाय त्या खोल्या बंद पडणार हे आम्हाला दिसत होतं.

शेवंती

मी शिक्षिका नाही, पालक आहे. मुलगी नववीत. एक बाजू कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते.

शाळेत गृहपाठाचे व्हिडिओ ग्रुपवर टाकतात. घरात स्मार्टफोन एक, तो यांच्याबरोबर कामावर जातो. आमच्या गल्लीत ज्या घरात दुसरा फोन आहे तो मुलाच्या हातात असतो. ‘प्रथम’ संस्थेच्या असर या शिक्षण पाहणीचा 2023 चा अहवाल 14 ते 18 वयाच्या मुलांवर होता, महाराष्ट्रातून त्यात नांदेड जिल्हा होता. देशभरात जवळपास नव्वद टक्के घरांत स्मार्टफोन निघाला. पण फोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे 43.7 टक्के आणि मुली 19.8 टक्के. त्याच अहवालात तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं निम्म्याहून अधिक मुलांना जमलं नव्हतं.

म्हणून शिक्षकांना हात जोडून विनंती: तंत्रज्ञान शाळेच्या आत ठेवा. घरी पाठवलं की ते मुलींपर्यंत पोचत नाही. शाळा सुटल्यावर संगणक कक्ष एक तास जास्त उघडा ठेवला तर माझी मुलगी आनंदाने थांबेल. फक्त परत यायच्या एसटीची वेळ बघून.

माळरान

शेवंतीताई, एसटीचा मुद्दा लिहून घेतला. आमच्याकडे वाडीवस्तीवरच्या मुलींची शेवटची गाडी चुकू नये म्हणून जादा तास सकाळी घेतो. कक्षाच्या बाबतीतही तेच करता येईल.

डोंगरवाट

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. आमच्या तालुक्यात गणिताचा शिक्षकच नाही अशी हायस्कुलं आहेत. 2 मे 2012 ला भरती थांबली, ती शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल येऊन रांगेला लागेपर्यंत अर्धी पिढी दहावी होऊन गेली. आता 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या, निर्णयाने कमी पटाच्या नववी-दहावीची पदंच धोक्यात आली. डोंगरातल्या शाळेत वीस मुलं आणायची कुठून? अशा ठिकाणी पोरं यूट्यूबवरचे मराठी व्हिडिओ बघून परीक्षेला बसतात. त्यांच्यासाठी पडदा हाच मास्तर आहे. तेव्हा यंत्र नंतर, हे आमच्याकडे परवडणारं नाही.

माळरान

तुमची अडचण खरी आहे, आणि त्या पोरांना व्हिडिओ दाखवू नका असं मी कधीच म्हणणार नाही. माझी भीती पुढची आहे. व्हिडिओवर भागतंय असं एकदा कागदावर आलं की रिकामं पद भरायची निकड संपते. 0.35 मोठा म्हणणाऱ्या मुलाला व्हिडिओ थांबवून विचारत नाही, की बाबा तुला असं का वाटलं? तो नववीचा धडा नववीच्याच वेगाने पुढे नेतो. आधीच मागे पडलेलं मूल त्यात आणखी मागे पडतं. म्हणून पडदा द्या, पण त्याच अर्जात पदाची मागणी लावून धरा. दोन वेगळे विषय होऊ देऊ नका.

पडताळा

माळरान सरांच्या या मुद्द्यावर एक चांगला अभ्यास आहे. दिल्लीत 2015 च्या सुमारास कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि अलेहांद्रो गानिमियन यांनी माइंडस्पार्क या सॉफ्टवेअरची पाहणी केली, 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. प्रवेश चिठ्ठ्या टाकून दिले, त्यामुळे तुलना भक्कम. चौथी ते नववीची मुलं शाळेनंतर केंद्रात यायची. सॉफ्टवेअर आधी मुलाची पातळी तपासायचं आणि तिथूनच प्रश्न द्यायचं, मग ते नववीत असलं तरी पाचवीचे. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत स्पष्ट वाढ दिसली, आणि सर्वात मागे असलेल्या मुलांना त्याचा सापेक्ष फायदा जास्त झाला.

म्हणजे योग्य तऱ्हेने केलं तर यंत्र ते काम करू शकतं जे साठ मुलांच्या वर्गात एका शिक्षकाला जमणं कठीण आहे: प्रत्येकाला त्याच्या पायरीवरून शिकवणं. पुस्तकाचे व्हिडिओ आणि हे, यांना एकाच मापाने मोजू नये.

उलट बाजूचा अनुभव घरचाच आहे. ‘प्रत्येक मुलाला लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा भारतातला पहिला प्रयोग 2007 मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खैरात इथे, एकशिक्षकी शाळेत झाला. पेरूमध्ये हीच योजना प्रचंड प्रमाणावर राबवली गेली. 2012 मध्ये आलेल्या तिथल्या मूल्यमापनात गणित आणि भाषेच्या गुणांवर परिणाम आढळला नाही.

माळरान

धन्यवाद, पडताळा. दिल्लीच्या केंद्रांत दीड तासाच्या सत्रापैकी अर्धा वेळ लहान गटाला शिकवणारा माणूस होता, हे इथे नोंदवून ठेवतो. बाकी तुमच्याशी सहमत. मला शासनाकडून एकच तंत्रज्ञान मागायला सांगितलं तर मी हेच मागेन: नववीच्या जूनमध्ये मूल नेमकं कोणत्या इयत्तेच्या गणितावर अडलंय हे सांगणारी मराठीतली चाचणी आणि तिथून पुढचा सराव. आणि ती माहिती वर पाठवण्यासाठी नको, मला वर्गात वापरायला हवी.

अटकेपार

लॉस एंजेलिसहून लिहितोय. पैसा भरपूर असला की सगळं सुटतं असं कुणाला वाटत असेल तर इथल्या सार्वजनिक शाळांची 2013 ची गोष्ट ऐका. इथल्या शालेय जिल्ह्याने (शाळा चालवणाऱ्या मंडळाने) प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात आयपॅड द्यायचं ठरवलं. साधारण साडेसहा लाख मुलं, वाय-फायसकट अंदाज 1.3 अब्ज डॉलरचा. आत पिअर्सन या प्रकाशन कंपनीचा अभ्यासक्रम भरून यायचा होता, तो अर्धवट तयार. रूझवेल्ट हायस्कूलच्या मुलांनी पहिल्या काही दिवसांतच सुरक्षा कुलूप काढून हवी ती संकेतस्थळं उघडली. आयपॅड परत गोळा करायची वेळ आली. हरवला तर भरपाई पालकांनी द्यायची की शाळेने, हेही आधी नीट ठरलेलं नव्हतं. पुढच्या वर्षी कंत्राट थांबवलं, ऑक्टोबर 2014 मध्ये अधीक्षक जॉन डेझी यांनी राजीनामा दिला, डिसेंबरमध्ये एफबीआयने कागदपत्रं नेली.

माझी मुलं इथल्याच एका पब्लिक हायस्कूलमध्ये शिकली. त्यांना गणित आवडायला लागलं ते एका शिक्षिकेमुळे, जिला रोज एक तास फक्त तयारीसाठी वेळापत्रकात लिहून दिलेला असायचा. तो ऑफ तास तुम्ही मागताय, तो इथे करारात असतो.

त्रिशूरवासी

नोकरीमुळे गेली बरीच वर्षं केरळात आहे. हा धागा वाचताना राहवेना, कारण इथे हे जमलंय, आणि इथल्याही बहुसंख्य शाळा आपल्यासारख्याच संस्थांच्या आणि अनुदानित आहेत.

केरळने 2001 मध्ये ‘आयटी अॅट स्कूल’ सुरू केलं. 2017 मध्ये त्याचंच ‘काइट’ नावाचं सरकारी महामंडळ झालं. आठवी ते बारावीच्या 45 हजार वर्गखोल्या हायटेक झाल्या: लॅपटॉप, प्रोजेक्टर, स्पीकर, इंटरनेट. सरकारी आणि अनुदानित दोन्ही. मला त्यातली यंत्रसामग्री फारशी महत्त्वाची वाटत नाही. तीन गोष्टी वाटतात. एक, प्रशिक्षण देणारे सगळे शिक्षकच, वर्गातून घेतलेले. कंपनीचा माणूस येऊन दोन दिवसांत बटणं दाखवून गेला असं होत नाही. दोन, सॉफ्टवेअर सगळं मुक्त, स्वतःचं लिनक्स. परवान्याचा खर्च नाही, आणि मल्याळममध्ये हवं तसं करून घेता येतं. तीन, खरेदीच्या करारातच वॉरंटी आणि तक्रार निवारण. बिघडलं तर कुठे कळवायचं आणि कोण येणार हे शिक्षकाला माहीत असतं.

यांच्या दहावीला आयटीची परीक्षा असते, त्यामुळे संगणकाचा तास दुसऱ्या विषयाला देऊन टाकता येत नाही. आणि 2018 पासून ‘लिटिल काइट्स’ नावाचे मुलांचे गट आहेत. शेजारच्या शाळेत प्रोजेक्टरची केबल सैल झाली तर नववीतली मुलं स्वतः बघतात. कोयनाकाठ काकांनी लिहिलेली मोडतोडीची भीती इथे मुलांच्याच हातात देखभाल देऊन कमी केली आहे.

कीबोर्ड

त्रिशूरवासी, तुमचं वाचून बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. आम्ही दरवर्षी नववीतल्या मुलांना संगणक उघडून रॅम काढून लावायला शिकवत होतो. कुणी सांगितलेलं नव्हतं. ती मुलं कक्षाला जीव लावायची.

सावलीतलं_झाड

पुण्यात आयटीत आहे. गावच्या हायस्कूलला आम्ही माजी विद्यार्थी मिळून काहीतरी द्यायचं ठरवतोय. ग्रुपवर इंटरॅक्टिव्ह पॅनेलचं जवळजवळ पक्कं झालं होतं, हा धागा वाचून थांबवलंय. काय द्यावं? स्पष्ट सांगा.

माळरान

थांबलात ते चांगलं केलंत. आधी शाळेत जा आणि गणित-विज्ञानाच्या शिक्षकांशी बोला, फक्त संस्थाचालक आणि मुख्याध्यापकांशी नको. आहे ते काय बंद पडलंय ते बघा. नीति आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅबला वीस लाखांचं अनुदान असतं, अशी लॅब असूनही थ्रीडी प्रिंटरला फिलामेंट नाही म्हणून तो झाकून ठेवलेला मी पाहिला आहे. कदाचित तुमच्या शाळेतही असंच काही छोट्या खर्चात चालू होईल.

मग पैसे तीन वर्षांसाठी वाटून ठेवा. संगणक कक्षाला गावातलाच एक मुलगा किंवा मुलगी मानधनावर, शाळेच्या आधी एक तास आणि शाळेच्या वेळेत. वीजबिलाचा ठरावीक वाटा. विज्ञानाला साध्या वस्तू: भिंगं, तारा, सेल, मल्टिमीटर. धाराविद्युतचा धडा मुलांनी हाताने जोडणी करून शिकावा, त्यानंतर फेट या मोफत संकेतस्थळावरचं सिम्युलेशन दाखवावं. ते मराठीतही आहे. साध्या वस्तूंतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरचे प्रयोगही शिक्षकांना दाखवा, कित्येकांना ते अजून माहीत नाही.

कीबोर्ड

तांत्रिक बाजू मी सांगतो. जुने संगणक फेकू नका. एसएसडी टाका, जमेल तिथे रॅम वाढवा, लिनक्स घाला, दहा वर्षांपूर्वीचं मशीनसुद्धा जिओजेब्राला पुरून उरतं. बॅटऱ्या आणि अर्थिंग आधी तपासा, कारण अर्ध्या भानगडी तिथून होतात. शासनाच्या दीक्षा ॲपवरचं जे साहित्य लागतं ते उतरवून एका मशीनवर ठेवा, कक्षातल्या बाकीच्यांना तिथून द्या, रेंजवर अवलंबून राहू नका. पासवर्ड मुख्याध्यापकांच्या वैयक्तिक मोबाईलला जोडू नका. ते निवृत्त झाले की ओटीपी त्यांच्या घरी जातो.

कोयनाकाठ

आणि देणगी देताना संस्थेकडून एक ठराव लिहून घ्या, की नेहमीच्या वापरात वस्तू बिघडली तर शिक्षकाकडून किंवा मुख्याध्यापकाकडून वसुली होणार नाही. हा एक कागद असेल तर कक्षाचं कुलूप निघेल. मसुदा हवा असेल तर मी देतो.

सावलीतलं_झाड

काका, मसुदा नक्की पाठवा. कीबोर्ड, तुम्ही कुठल्या भागात असता? शाळा माण तालुक्यात आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन दिवस येऊन कक्ष बघाल का? प्रवासखर्च आणि कामाचे पैसे आम्ही देऊ.

कीबोर्ड

माण म्हणजे मला दोन तास. येतो. तिथल्या नववीतल्या चारपाच पोरापोरींना त्या दिवशी बोलावून ठेवा, मशीन त्यांच्याकडूनच उघडून घेऊ.